वल्कयूकांची देहरचना आणि ओळख : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एका नामेतिहासाचा विचार

झाडाच्या सालीवर, शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म बुरशी यांच्यावर उपजीविका करणारा एक अतिशय लहान कीटकसमूह आहे. त्यातील बहुतेक जातींची लांबी एक ते सहा मिलिमीटरांच्या दरम्यान असते. इंग्रजीत त्यांना 'बार्कलाइस' म्हणजे सालीवरच्या उवा म्हणतात. त्यांचेच काही भाईबंद घरात, जुन्या पुस्तकांत आणि धान्याच्या साठ्यात राहतात, म्हणून त्यांना 'बुकलाइस' असे नाव पडले. शास्त्रीय भाषेत या सर्वांना मिळून प्सोकॉप्टेरा म्हणतात. इंग्रजी उच्चारात आद्य 'प्' गळतो, तो येथे मुळाबरहुकूम ठेवला आहे. मराठीत या प्राण्याला स्वतःचे असे रूढ नाव नाही. पोथ्यांना आणि रेशमी वस्त्रांना लागणाऱ्या सर्वच बारीक किड्यांना आपण सरसकट 'कसर' म्हणतो आणि तिच्यावर उपाय म्हणून पोथीच्या बासनात वेखंड ठेवतो. पण त्या 'कसर' शब्दात चंदेरी शेपटीची कसर, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि ग्रंथांतील या उवा असे निदान तीन निराळे प्राणी एकत्र नांदतात. झाडावरच्या जातींना तर तेवढाही आश्रय मिळालेला नाही. प्रस्तुत लेखात सोयीसाठी सालीवरच्या जातींना 'वल्कयूका' आणि घरांतल्या जातींना 'ग्रंथयूका' असे म्हटले आहे. यूका म्हणजे ऊ हा अर्थ संस्कृत वाचकांच्या परिचयाचा आहेच.

हा विषय इतिहासाच्या अंगाने हाताळण्याचे कारण असे. एखाद्या प्रदेशातील जीवसृष्टीचा अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी प्रथम जुन्या नोंदी उघडतो आणि त्यांत आढळलेली नावे आजच्या नावांशी जुळवू लागतो. मोठ्या सस्तन प्राण्यांच्या अथवा पक्ष्यांच्या बाबतीत हे बहुधा निभावते. वल्कयूकांच्या बाबतीत ते मुळीच निभावत नाही. येथे नोंद करणाऱ्याने कोणते अवयव पाहून नाव दिले हे ठाऊक असल्याखेरीज त्या नावाला पुरावा म्हणून किंमत नाही. नाव तेच राहते आणि त्याच्या खालची वस्तू मात्र पिढीगणिक पालटते, असा प्रकार या समूहात वारंवार घडला आहे.

आरंभच पाहा. विल्यम डरहॅम या इंग्रज धर्मोपदेशकाने १७०१ आणि १७०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका ठोके देणाऱ्या किड्याविषयी लिहिले. रात्रीच्या शांततेत घराच्या लाकूडकामातून घड्याळासारखी टकटक ऐकू आली म्हणजे घरातील कोणाचा तरी अंत जवळ आला, अशी त्या काळी इंग्लंडात समजूत होती. आपल्याकडे पाल चुकचुकली की बोलणारा क्षणभर थांबतो, त्याच जातीची ही समजूत. डरहॅमने त्या किड्याला पकडून पाहिले आणि त्याला पेडिक्युलस पल्सेटोरियस, म्हणजे 'ठोके देणारी ऊ' असे म्हटले. पुढे १७५८ साली लिनीअसने आपल्या 'सिस्टेमा नातुरी'च्या दहाव्या आवृत्तीत त्यालाच टर्मीस पल्सेटोरियम असे नाव देऊन वाळवीच्या प्रजातीत बसविले. अर्थात पन्नास-साठ वर्षांच्या आत एकच प्राणी प्रथम ऊ आणि नंतर वाळवी ठरला. डेन्मार्कच्या मुल्लरने १७७६ साली तशाच दुसऱ्या एका घरगुती किड्याला 'डिव्हिनेटोरियम', म्हणजे भविष्य सांगणारा, असे विशेषण देऊन तोही वाळवीतच घातला. ठोक्यांचा प्रश्न शास्त्रज्ञांना बराच काळ सतावीत राहिला. इतक्या मऊ अंगाचा, पंखहीन, जेमतेम दोन मिलिमीटरांचा प्राणी माणसाला ऐकू जाईल असा आवाज काढू शकतो, यावर अनेकांचा विश्वास बसेना. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे श्रेय चुकून त्याला दिले जात असावे, असे मानले गेले. शेवटी १९२८ साली ब्रिटिश अभ्यासक पर्मन यांनी ट्रोजियमची मादी उदराचा खालचा भाग पृष्ठावर आपटून खरोखरच ठोके देते हे दाखविले. डरहॅमचे निरीक्षण सव्वादोनशे वर्षांनंतर खरे ठरले. मृत्यूशी जोडलेला संबंध मात्र अर्थातच निकालात निघाला.

लिनीअसच्या वाळवीतून या प्राण्यांना बाहेर काढण्याचे काम फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय याने केले. १७९४ साली त्याने प्सोकस ही प्रजाती स्थापिली. हे नाव ग्रीक भाषेतील घासणे, चूर्ण करणे या अर्थाच्या धातूवरून आलेले आहे. यानंतर गणाला मिळालेली तीन नावे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत, कारण प्रत्येक नावात त्या काळच्या अभ्यासकाचे डोळे कोठे लागले होते ते कोरून ठेवलेले आहे. १८३९ साली बुर्माइस्टरने कोरोडेन्शिया, म्हणजे कुरतडणारे, असा गण कल्पिला आणि त्यात वाळवीलाही जागा दिली. येथे निकष वर्तनाचा होता. १९०३ साली गुंथर एंडरलाइन यांनी कोपिओग्नाथा हे नाव काढले. त्याचा अर्थ छिन्नीसारखा जबडा असलेले. येथे निकष एका विशिष्ट अवयवाचा झाला आणि वाळवी आपोआप बाहेर पडली. १९०४ साली शिप्ली यांनी प्सोकॉप्टेरा हे नाव सुचविले, तेच रूढ झाले. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत कोरोडेन्शिया हे नाव विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळत राहिले, हे जुनी पुस्तके हाताळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

एंडरलाइन यांच्या नावातील ती 'छिन्नी' म्हणजे काय, हे समजल्याखेरीज वल्कयूकेची ओळख पटत नाही. सामान्य कुरतडणाऱ्या कीटकाच्या मुखात वरचा ओठ, जंभांची म्हणजे मुख्य जबड्यांची जोडी, त्यामागे जंभिकांची जोडी आणि खालचा ओठ अशी मांडणी असते. जंभिकेच्या आतल्या पाळीला लॅसिनिया म्हणतात. टोळात किंवा झुरळात ती जंभिकेला पक्की जोडलेली, दातेरी अशी पाळी असते. वल्कयूकेत मात्र ती जंभिकेपासून सुटी होऊन एक लांब, बारीक, कठीण दांडी बनली आहे आणि ती डोक्याच्या आतून पुढे-मागे सरकते. तिच्या टोकावरील दात्यांची रचना जातीगणिक निराळी असते. खरवडताना प्राणी ती सालीत रोवून डोक्याला आधार देतो आणि जंभांनी शेवाळ खरवडून काढतो, असे तिचे कार्य मानले जाते. डोक्याचा पुढचा भाग, ज्याला क्लायपियस म्हणतात, तो अतिशय फुगीर असतो. बाजूने पाहिले तर प्राण्याच्या नाकाडावर टेंगूळ आल्यासारखे दिसते. त्या फुगवट्याच्या आत घशाची पोकळी ताणणारे प्रबळ स्नायू भरलेले असतात. लांब, दोऱ्यासारख्या शृंगिका, हा फुगीर क्लायपियस, आखडलेले अग्रवक्ष, आणि घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले पंख ही चार लक्षणे एकत्र दिसली की साध्या भिंगानेही वल्कयूका ओळखता येते. माव्याला सोंड असते आणि ती पोटाखाली दुमडलेली असते. वल्कयूकेला सोंड नसते. वाळवीच्या शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या असतात आणि तिच्या उदराच्या शेवटी लहान उपांगांची जोडी असते. वल्कयूकेत ही उपांगे नसतात.

ते प्रबळ स्नायू कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या प्राण्यांच्या अधोग्रसनीवर, म्हणजे मुखातील जिभेसारख्या अवयवावर, दोन अंडाकृती पट्टिका असतात आणि त्यांच्यापासून निघालेल्या सूक्ष्म नळ्या घशातील एका वाटीसारख्या भागाशी जोडलेल्या असतात. हवेतील बाष्प या पट्टिकांवर धरून ते शोषून घेण्याची ही यंत्रणा आहे. साठवणीच्या धान्यातील लिपोसेलिस जाती हवेची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असली तरी, एक थेंब पाणी न पिता, नुसत्या हवेतून शरीरातील पाण्याचा तोल राखू शकतात. कोकणपट्टीत पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटात आणि भाताच्या कणगीत हे प्राणी एकाएकी का बोकाळतात आणि फाल्गुन-चैत्रात का दिसेनासे होतात, त्याचे उत्तर या दोन पट्टिकांत आहे.

याच यंत्रणेने वर्गीकरणाच्या इतिहासाला एक चमत्कारिक वळण दिले. पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या अंगावरील खऱ्या उवांतही ही रचना सापडते. त्यामुळे दोहोंचे नाते जवळचे असावे हा तर्क जुनाच होता. १९८५ साली लायल यांनी देहरचनेच्या आधारे आणि त्यानंतर योशिझावा, जॉन्सन आदींनी जनुकीय अनुक्रमांच्या आधारे असे दाखविले, की खऱ्या उवा या प्सोकॉप्टेराच्या नुसत्या शेजारी नसून त्यांच्याच एका शाखेतून, ग्रंथयूकांच्या लिपोसेलिस कुलाच्या निकटच्या पूर्वजांतून, निघालेल्या आहेत. म्हणून आज दोन स्वतंत्र गण न मानता प्सोकोडिया असा एकच गण मानतात, आणि 'प्सोकॉप्टेरा' हा शब्द व्यवहाराच्या सोयीपुरता उरला आहे. डरहॅमने १७०१ साली आपल्या किड्याला ऊ म्हटले होते. त्याच्यापाशी सूक्ष्म शरीररचनेचा कसलाही पुरावा नव्हता, तेव्हा त्याला द्रष्टा ठरविण्याचे कारण नाही. पण लिनीअसच्या वाळवीपेक्षा त्याची ऊ सत्याच्या अधिक जवळ होती, एवढे म्हणावेच लागते.

आता पूर्वेकडे वळू. दक्षिण आशियातील वल्कयूकांचा शास्त्रीय इतिहास सिलोनमध्ये सुरू होतो. तेथे कॉफीच्या मळ्यावर राहणाऱ्या नीटनर या जर्मन संग्राहकाने जमविलेले कीटक क्योनिग्सबर्गच्या हेर्मान हागेन यांच्याकडे गेले आणि हागेन यांनी १८५८ पासून सिलोनच्या जालपंखी कीटकांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातील प्सोकस टाप्रोबानेस हे नाव सिलोनच्या प्राचीन ग्रीक नावावरून दिलेले आहे. त्या वेळी वल्कयूका जालपंखी गणातच मोडत असत, म्हणून अशा नोंदी शोधताना 'न्यूरॉप्टेरा' या मथळ्याखाली पाहावे लागते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकांचा शोध पहिल्याच पायरीवर खुंटतो. ब्रिटिश अमदानीत 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेचे खंड निघत गेले. पतंग, फुलपाखरे, मधमाश्या, भुंगेरे, चतुर यांना त्यात स्थान मिळाले. वल्कयूकांवर त्या मालेत एकही खंड निघाला नाही. ज्यांच्यापासून महसुलाला ना नफा ना तोटा, अशा प्राण्यांच्या वाट्याला बहुधा हेच येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा धागा बुडापेस्टहून येतो. लायोश बिरो हा हंगेरियन संग्राहक १८९६ पासून काही वर्षे न्यू गिनीत राहिला, सिंगापूर येथेही त्याने कीटक जमविले, आणि १९०२ साली मुंबईत व माथेरानला संग्रह केला. माथेरानच्या नावाची चिठ्ठी लावलेले त्याचे निरनिराळ्या गणांतील कीटक बुडापेस्टच्या संग्रहालयात आहेत. त्या संग्रहालयाचे वार्षिक नियतकालिक १९०३ साली सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच खंडात एंडरलाइन यांचा भारत-ऑस्ट्रेलिया प्रदेशातील कोपिओग्नाथांवरील दीडशेहून अधिक पृष्ठांचा प्रबंध आला. त्याचा मुख्य आधार बिरोचा संग्रह हाच होता. या समूहासंबंधी आपल्या भागातील कोणतेही गंभीर काम आजही या प्रबंधापासून सुरू करावे लागते. एंडरलाइन पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात रक्तातील सूक्ष्मजीवांसंबंधी विक्षिप्त सिद्धांतांच्या आणि उपचारपद्धतींच्या मागे लागले. त्यांच्या त्या मतांना शास्त्रात थारा मिळाला नाही. त्यामुळे त्यांच्या तरुणपणीच्या कीटकशास्त्रीय कामाकडेही काहीजण संशयाने पाहतात, ते योग्य नव्हे.

या प्रबंधातील एका जातीची कथा सांगण्याजोगी आहे. हागेन यांनी १८८२ साली बाल्टिक समुद्रकाठच्या अंबरात, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या राळेत, अडकलेल्या एका केसाळ पंखांच्या वल्कयूकेसाठी आर्किप्सोकस ही प्रजाती निर्माण केली. 'आर्कि' म्हणजे आद्य. प्राणी नष्ट झालेला आहे असाच त्यांचा समज होता. एंडरलाइन यांना बिरोच्या संग्रहात सिंगापूरचा एक जिवंत प्रतिनिधी सापडला आणि त्यांनी त्याचे नाव आर्किप्सोकस रेसेन्स असे ठेवले. 'रेसेन्स' म्हणजे आजचा, वर्तमानातला. जीवाश्म म्हणून जन्मलेली प्रजाती एकवीस वर्षांनी वर्तमानात दाखल झाली. आज या कुलातील अनेक जाती जगाच्या उष्ण कटिबंधात सर्वत्र ज्ञात आहेत. डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याने वल्कयूकांपैकी प्रथम कोणते कुल अभ्यासावे असे विचारल्यास मी याच कुलाकडे बोट दाखवीन. त्याचे कारण पुढे येईल.

आर्किप्सोकसची ओळख पटविताना क्रम असा ठेवावा. प्रथम गुल्फ, म्हणजे पायाचा शेवटचा भाग, पाहावा. या कुलात तो दोन सांध्यांचा असतो. शृंगिकेचे सांधे तेरा असतात. वीस वा अधिक सांधे आढळल्यास प्राणी ट्रोजियमच्या उपगणातला आहे असे समजून निराळ्या मार्गाने जावे. त्यानंतर पंख. बहुतेक वल्कयूकांच्या पुढच्या पंखाच्या अग्रकडेला टेरोस्टिग्मा नावाचा दाट खाना असतो, आणि मागच्या कडेला एका शिरेने केलेली कमान असते. तिच्या आकारावर व शेजारच्या शिरेशी असलेल्या संबंधावर कुलांची विभागणी बरीचशी अवलंबून असते. आर्किप्सोकसमध्ये पंखांवर दाट केस असतात आणि शिरा इतक्या पुसट असतात की नवशिक्याला पंखच सदोष आहे असे वाटते. त्यातही एकाच वसाहतीत लांब पंखांच्या आणि आखूड पंखांच्या माद्या असू शकतात, व नर सहसा आखूड पंखांचे असतात. दोन रूपांना दोन जाती समजण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. शेवटी, आणि निर्णायक म्हणून, उदराची टोके. नरात उदराखालील शेवटची पट्टी आणि तिच्या आतील मैथुनांगाची चौकट. मादीत जननद्वाराखालील पट्टी आणि अंडनिक्षेपकाच्या पाळ्या, ज्या या कुलात बऱ्याच आखडलेल्या असतात. हे अवयव पोटॅशच्या द्रावणात मऊ करून, काचपट्टीवर बसवून, सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागतात.

'निर्णायक म्हणून' हे शब्द मुद्दाम योजिले आहेत. एंडरलाइन यांच्या पिढीचा भर गुल्फ, शृंगिका, नख्या आणि पंखांच्या शिरा यांवर होता. जननांगांची पद्धतशीर तुलना पर्मन, फ्रान्सचे बादोनेल आणि जर्मनीचे रोएस्लर यांच्या कामांतून १९३० ते १९५० या दोन दशकांत रुजली. या बदलाचा परिणाम किती खोल होता, हे घरगुती ग्रंथयूकेच्या उदाहरणाने स्पष्ट होते. मुल्लरच्या त्या 'भविष्य सांगणाऱ्या' नावाखाली दीडशे वर्षे जगभरच्या लेखकांनी पुस्तकांत, धान्यात, संग्रहालयांच्या पेट्यांत सापडलेला जवळजवळ प्रत्येक पंखहीन किडा नोंदविला. ब्रॉडहेड यांनी १९५० साली लिपोसेलिस प्रजातीची फेरतपासणी केली, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्याचे स्पष्ट झाले. आज धान्याच्या कोठारांत सर्वत्र आढळणारी लिपोसेलिस बोस्ट्रिकोफिला ही जाती बादोनेल यांनी १९३१ साली मोझांबिकच्या नमुन्यांवरून वर्णिली होती; बहुतेक ठिकाणी तिच्यात केवळ माद्याच असतात आणि त्या नराविना प्रजोत्पादन करतात. तेव्हा १९५० पूर्वीच्या एखाद्या भारतीय अहवालात 'डिव्हिनेटोरियस' असे नाव आढळले, तर त्यावरून 'धान्यात लिपोसेलिससारखा कोणी किडा होता' याहून अधिक काही सिद्ध होत नाही. मूळ नमुना जतन केलेला असेल तरच पुढे जाता येते. अशा नोंदी आजच्या जातींच्या यादीत चढविणे म्हणजे नसलेला इतिहास निर्माण करणे होय.

दक्षिण आशियातून या समूहाच्या ज्ञानात पडलेली एक मोलाची भर सहसा दुर्लक्षित राहते. १९३४ साली सिलोनचे डब्ल्यू. फर्नांडो यांनी अंडी न घालता पिलांना जन्म देणाऱ्या एका वल्कयूकेच्या गर्भाच्या आरंभीच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती जाती आर्किप्सोकसच्या कुलातली होती, आणि पर्मन यांनी तिला फर्नांडो यांचेच नाव दिले. अंडनिक्षेपकाच्या पाळ्या या कुलात आखडलेल्या का, या प्रश्नाचा विचार करताना हे गर्भशास्त्रीय काम डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. युरोपातील संग्रहालयांत मृत नमुन्यांवर जे कळणे शक्य नव्हते, ते जिवंत प्राणी जेथे उपलब्ध होता तेथेच कळले.

आता डहाणू-तलासरीचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पारशी व इराणी बागायतदारांनी डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात चिकूची लागवड वाढविली. १९९१ साली केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून अधिसूचित केला, आणि २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक निर्देशांक मिळाला. चिकूचे झाड दीर्घायुषी, त्याची साल भेगाळ, आणि समुद्राकाठची हवा दमट. शेवाळ, दगडफूल आणि बुरशी यांना सालीवर भरपूर वाव मिळतो, म्हणजेच वल्कयूकांचे अन्न तयार असते. पण याच खोडांवर चिकू-आंब्याचा एक खरा शत्रूही राहतो. तो म्हणजे साल खाणारी अळी, शास्त्रीय नाव इंडार्बेला. ती फांद्यांच्या बेचक्यात भोक पाडून दिवसा त्यात लपते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. आपल्या वाटेवर रेशमी धाग्यांत विष्ठा व सालीचा चुरा गुंफून ती तपकिरी, फितीसारखे आच्छादन तयार करते. आर्किप्सोकसच्या वसाहतीही खोडावर रेशीम विणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात या प्रजातीतील नोमास ही जाती कधीकधी सबंध खोड आणि फांद्या पांढऱ्या पातळ जाळीने झाकून टाकते. त्या जाळीखाली शेकडो प्राणी शेवाळ खरवडीत असतात आणि झाडाला त्यांच्यापासून इजा होत नाही.

दोन्ही जाळी एकाच दृष्टिक्षेपात 'खोडावरची कीड' या सदरात मोडतात, आणि बागायतदाराच्या हाती फवारणीचा पंप असतो. म्हणून येथे देहरचनेचे ज्ञान केवळ पुस्तकी राहत नाही. फितीसारखे, चुऱ्याने भरलेले, भोकापाशी जाऊन संपणारे आच्छादन असेल तर ती इंडार्बेला. तिच्यावर उपाय केलाच पाहिजे, आणि तो भोकापुरताच करता येतो : जाळी खरवडून काढून भोकात रॉकेलचा बोळा घालायचा व ते चिखलाने लिंपायचे. स्वच्छ, पातळ, चादरीसारखी पसरलेली आणि भोक नसलेली जाळी असेल, आणि ती बाजूला सारताच लहान फुगीर डोक्याचे, लांब शृंगिकांचे प्राणी घोळक्याने पळू लागले, तर त्या वल्कयूका. त्यांना हात लावण्याचे कारण नाही. सरसकट फवारणीत खोडावरचे कोळी आणि परोपजीवी गांधिलमाश्याही मरतात, हा तोटा हिशेबात सहसा धरला जात नाही.

नाव वेळेवर कळण्याचे मोल याच बागांनी दुसऱ्या एका प्रसंगात अनुभवले आहे. या शतकाच्या आरंभी डहाणू-घोलवडकडे चिकूच्या बीत शिरणाऱ्या अळीचा मोठा उपद्रव सुरू झाला. तपासाअंती ती ट्रायमॅलिटिस मार्गारियास या पतंगाची ठरली. त्याचे वर्णन मेरिक यांनी १९०५ साली सिलोनच्या नमुन्यावरून केलेले होते. शतकभर नुसते नाव म्हणून पडून राहिलेली ती नोंद बागायतदारांच्या उपयोगी पडली, ती मूळ नमुना आणि वर्णन शाबूत होते म्हणून.

आता चिठ्ठीविषयी थोडे. नमुन्याला टोचलेली अथवा नळीत टाकलेली स्थलनिर्देशाची चिठ्ठी हा इतिहासकाराचा मूळ दस्तऐवज होय, आणि या भागात तो फार सावधपणे वाचावा लागतो. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरच्या काळी उंबरगावचा पेटा डहाणू तालुक्यात मोडत असे. पुढे उंबरगाव तालुका झाला, आणि १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरीकडची गावे महाराष्ट्रात राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. तेव्हा जुन्या चिठ्ठीवरील 'डहाणू' हे आजच्या गुजरातेतील गाव असू शकते, 'ठाणे जिल्हा' हे आजचे तलासरी असू शकते, आणि नुसते 'मुंबई' असे लिहिलेले असेल तर ते शहर की इलाखा, हेही संग्राहकाचा प्रवासक्रम लावून ठरवावे लागते. बिरोच्या बाबतीत त्याने माथेरानचा वेगळा निर्देश केला, त्यामुळे सुदैवाने तो प्रश्न तेवढ्यापुरता सुटतो.

नव्या संग्रहासाठी तंत्र सोपे आहे. फांदीखाली पांढरे कापड अथवा उलटी छत्री धरून फांदीवर काठीचे हलके आघात करावेत. खोडावरचे प्राणी ओल्या बारीक कुंचल्याने उचलावेत. टाचणीला टोचून वाळविलेली वल्कयूका सुकून सुरकुतते आणि तिची जननांगे पाहता येत नाहीत, म्हणून नमुने अल्कोहोलमध्येच ठेवावेत : देहरचनेसाठी सत्तर ते ऐंशी टक्के, जनुकीय तपासणीसाठी पंचाण्णव टक्के. एका जाळीखालचे नर, माद्या आणि पिले एकाच नळीत राहू द्यावीत, कारण आखूड आणि लांब पंखांची रूपे एकाच वसाहतीतली आहेत याचा तोच एकमेव पुरावा असतो. नळीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी आणि तिच्यावर गाव, पाडा, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, दिनांक, झाडाचे नाव, खोडावर जमिनीपासूनची उंची, आणि जाळी होती की नव्हती, एवढे लिहावे. पाड्याचे नाव वगळू नये. तलासरीत एकेका गावाचे पाडे मैल-मैल अंतरावर पसरलेले असतात, आणि एका पाड्यात चिकूची बाग, दुसऱ्यात साग-ऐनाचे रान व तिसऱ्यात नुसते ताड अशी स्थिती असू शकते.